पेन्शनच्या कागदांतील पूर्वज



आपल्याकडे वंशावळ शोधावयाची तर नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळाव्यात. परंतु ज्यांचें नांवच कोणीं टिपून ठेविलें नाहीं, त्यांच्या वंशजांनीं काय करावें? अमेरिकेंतील गुलामांच्या वंशजांपुढें हा प्रश्न असतो. १८५० व १८६० च्या शिरगणतींत गुलामांची नोंद धन्याच्या नांवाखालीं, वय, वर्ण व स्त्री कीं पुरुष एवढीच, बहुधा नांवावांचून झाली.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत सुमारें १,७९,००० कृष्णवर्णी शिपाई उत्तरेच्या सैन्यांत होते. त्यांतील पुष्कळ कालपर्यंत गुलाम होते. मृत शिपायाच्या विधवेनें पेन्शनीसाठीं लग्नाचा पुरावा द्यावयाचा. पण गुलामांच्या विवाहास कायद्याची मान्यताच नव्हती! अखेर १८६४ च्या कायद्यानें साक्षीदारांची जबानी ग्राह्य मानिली. मग विधवा, शेजारी, पलटणींतील सोबती, क्वचित् पूर्वीचा धनीही शपथेवर सांगूं लागले: लग्न कोणत्या मळ्यावर लागलें, मुलें किती, कोण कोठें विकलें गेलें.

हे कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. शिपायाचें नांव व पलटण घेऊन सूची पाहावी. त्यानें पुढें आडनांव बदललें असेल, हें ध्यानांत ठेवावें. नामंजूर अर्जही टाळूं नये. शंका आली कीं सरकारी तपासनीस अधिक साक्षी घेत.

सरकारनें पुरावा मागितला तो पैशांच्या हिशेबासाठीं. परंतु जिला सहीदेखील येत नव्हती, अशा स्त्रीनें फुलीच्या खुणेवर आपल्या घराण्याचा इतिहास लिहवून ठेविला.