काळोखातली नाटकं
(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय काय घेतोस असं मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, भुताखेताची नाटकं. सगळे हसले. एकजण म्हणाला, "वस्तीत नळाला पाणी नाही आणि हा भुतं काढतोय." त्याचं चूक नाही. पाण्याच्या मोर्चाला मीही होतो. पण अर्धा तास माझं ऐका, मग काय शिव्या द्यायच्यात त्या द्या.

मी नाटकाचा पंडित नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. आता कंटेनर आलेत, माणसांची गरज कमी झालीय, तरी पोत्यांची बोट लागली की आमची टोळी तळात उतरते. रात्रपाळीला वरचा दिवा गेला की तळात जो काळोख होतो तो शहरात कुठं मिळत नाही. स्वतःचा हात दिसत नाही. बाजूच्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. कुणीतरी शिवी हासडतो, मग बरं वाटतं. आवाजाची किंमत मला तिथं कळली. पुढं टोळीतल्या दोस्तानं मोबाइलवर जुन्या इंग्रजी श्रुतिका ऐकवल्या, तेव्हा वाटलं, हे साले आमच्या बोटीच्या तळात बसून लिहिलंय.

पहिलीच गोष्ट बघा. खास रेडिओसाठी लिहिलेलं बीबीसीचं पहिलं नाटक म्हणतात ते 'डेंजर', १५ जानेवारी १९२४ ला लंडनहून ऐकवलं गेलं. लिहिणारा रिचर्ड ह्यूज, वय तेवीस. दिसत नाही ते नाटक करायचं कसं, असा पेच होता. त्यानं तो असा सोडवला की पात्रांनाच काही दिसू नये. वेल्समधली कोळशाची खाण. बघायला आलेले तिघे पाहुणे, एक तरुण, एक तरुणी, एक म्हातारा. दिवे जातात. स्फोट होतो. पाणी चढायला लागतं. ऐकणाऱ्यानं घरातला दिवा मालवला की तोही त्यांच्याबरोबर खाली. मोठमोठं मरण बोलणारा तरुण तिथं ढेपाळतो. म्हातारा आधी जगायला धडपडतो, पण सुटकेचा दोर आल्यावर त्या दोघांना पुढं घालतो, आणि त्याची पाळी येते तेव्हा तो नसतो. बस. एवढंच नाटक.

मला ते आवडतं आणि त्याचा रागही येतो. खाण वेल्सची, पण बोलणारे तिघं पाहुणे. खाणकामगार नुसते लांबून गाताना ऐकू येतात. ह्यूजनं पुढं सांगितलेली हकिगत तर आणखी भारी आहे. गाण्यासाठी माणसं हवी होती, ती लंडनच्या रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या बेकार वेल्श खाणकामगारांतून आणली. पण ते एकदा गायला लागले की थांबेनात. मग त्यांना स्टुडिओबाहेर उभं केलं. गाणं हवं तेव्हा दार उघडायचं, नको तेव्हा लावायचं. दोस्तांनो, मी हे ऐकून रात्रभर जागा होतो. ज्यांच्या काळोखाचं नाटक, तेच दाराबाहेर!

दुसरं नाटक रंगमंचावरचं, एक अंकी, 'द मंकीज पॉ'. माकडाचा पंजा. मूळ कथा डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची, १९०२ सालची. लुई पार्करनं तिचं नाटक केलं आणि ते १९०३ ला लंडनच्या हेमार्केट थिएटरात लागलं. हा जेकब्स वॉपिंगचा, म्हणजे लंडनच्या गोदीकाठचा. बाप धक्क्यावर मॅनेजर. आपल्या बाजूचा नव्हे, मुकादमाच्याही वरचा. पण पोरानं लहानपणी धक्का बघितलेला, तो लिखाणात उतरला.

गोष्ट तुम्ही कुठंतरी ऐकली असेल. म्हातारा, म्हातारी, तरुण पोरगा. हिंदुस्थानातून परतलेला एक सार्जंट मेजर वाळलेला पंजा दाखवतो. तीन इच्छा पुऱ्या करतो म्हणे. (गोऱ्यांची सगळी भुतं आपल्याकडूनच जातात. फकीर आपला, पंजा आपला, आणि घाबरायचे ते.) म्हातारा घराचं कर्ज फेडायला दोनशे पौंड मागतो. काही होत नाही, सगळे हसतात. मग कारखान्याचा माणूस दारात येतो. पोरगा यंत्रात सापडला. कंपनी काही आपल्यावर जबाबदारी घेत नाही, तरीसुद्धा त्याच्या कामाची आठवण ठेवून काही रक्कम देतेय. किती? दोनशे पौंड.

समीक्षक म्हणतात, इथं नशिबाचा खेळ आहे. माणसानं दैवाच्या वाटेला जाऊ नये वगैरे. पांढरपेशा माणसाला तसंच दिसणार. मला त्या नाटकात पंजाची भीती कधीच वाटली नाही. मला भीती वाटते ती 'तरीसुद्धा' या शब्दाची. माझा बाप गोदीत गेला तेव्हा मी सहावीत होतो. सलिंग तुटलं आणि माल खाली आला. तिसऱ्या दिवशी ऑफिसातला एकजण पाकीट घेऊन आला. खाटेवर बस म्हटलं तर बसला नाही, उंबऱ्यापाशीच उभा. त्यानंही 'तरीसुद्धा' म्हटलं. माझी आई अंगठा उठवताना विचारत होती, "साहेब, त्यांचा डबा कुठाय?"

नाटकाचं पुढं असं. म्हातारी हट्ट धरते, दुसरी इच्छा माग, पोरगा परत दे. म्हातारा मागतो. थोड्या वेळानं दारावर थाप. आधी बारीक, मग जोरात. म्हातारी कडी काढायला धावते. पोरगा यंत्रातून कसा निघाला होता ते म्हाताऱ्यानं बघितलंय, तिनं नाही. तो अंधारात पंजा चाचपडतो, तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं. बाहेर कुणी नाही.

भूत एकदाही दिसत नाही बरं का. नुसती थाप. पॅरिसला १८९७ पासून १९६२ पर्यंत ग्रां गिन्योल नावाचं थिएटर चाललं, जुन्या प्रार्थनाघरात, तीनशेच्या आत खुर्च्या. एका रात्री चारपाच छोटी नाटकं, एक भयाचं की एक हसायचं. डोळे काढायचे, गळे चिरायचे, रक्ताची तर पिचकारीच. मला वाचून कंटाळा आला. रक्त आम्ही फुकट बघतो. कडी निघेपर्यंतचा वेळ मात्र तिकीट काढून बघावा असा असतो.

हे नाटक आम्ही मागच्या वर्षी मराठीत करून चाळीच्या गच्चीत वाचलं. पडदा नाही, चादर. थाप मारायला मी एका पिंपावर बसलो होतो. थाप मारली तसं बायकांतून आवाज आला, "अगं, उघड की!" आणि म्हाताऱ्यानं तिसरी इच्छा मागितली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. घरी जाताना आई जिन्यात थांबली. म्हणाली, "त्यानं ते मागायला नको होतं. कसाही आला असता तर मी धुतला असता." बाप गेल्यावर किती दिवस ती रात्रीची कडी लावत नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. एवढी वर्षं मी समजत होतो, विसरायची.

तिसरं थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकायची चीज आहे. अमेरिकेत १९४७ ते १९४९ 'क्वाएट प्लीज' नावाची श्रुतिकामाला होती, लिहिणारा विलिस कूपर. तिच्यातलं ९ ऑगस्ट १९४८ चं 'द थिंग ऑन द फोर्बल बोर्ड'. तेलविहिरीवरचा कामगार तुम्हाला घरात बोलावतो, बसवतो, आणि जुनी हकिगत सांगतो. मैलभर खालून काढलेल्या खडकात एक अंगठी मिळते आणि एक बोट, ते दिसत नाही, हाताला लागतं. मग वरच्या चिंचोळ्या फळीवर काहीतरी चढून बसलंय, आणि लहान पोरीसारखं रडतंय. तो त्याच्यावर रंग ओततो तेव्हा ते दिसतं. तोंड पोरीचं, बाकीचं कोळ्यासारखं. शेवटी तो आपल्या बायकोला हाक मारतो, पाहुण्याला भेटवायला. पाहुणा म्हणजे तुम्ही. तेव्हा कळतं, आपल्याला कशासाठी बसवून घेतलंय.

इथं कामगार दाराबाहेर नाही. तोच सांगणारा, साध्या कामावरच्या भाषेत, पाइप, साखळ्या, पाळ्या यांच्या हिशोबानं. म्हणून पटतं. आणि त्याला त्या राक्षसाची कणव येते. जमिनीतून उपसून वर आणलेला, दिसत नाही, कुणाची भाषा येत नाही, भुकेला. माझ्या एका दोस्ताला हे ऐकून हसू आलं, मला नाही आलं. पण त्या कणवेपायी तो माणसं खाऊ घालतो, हेही नाटक लपवत नाही. कणव आली म्हणून सगळं माफ असं मी म्हणणार नाही. ज्याला म्हणायचं त्यानं माझ्याशी भांडावं.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात 'डेंजर' मराठीत करतोय. भाषांतर माझं आहे, चुका असतील, सांगा. गच्चीवर नाही, तळमजल्यावरच्या बंद खोलीत. दिवा मालवायचा. मोबाइल दारात टोपलीत ठेवायचे, कुणाचा पडदा उजळला तर सगळं गेलं. पाण्यासाठी दोन पिंपं आणि एक परात लागेल, पाणी बाहेरून हंड्यानं आणावं लागेल, म्हणून हंडे मोजून आणा. गाणारे सहा हवेत, आपापल्या घरातली गाणी चालतील. बापूनं विचारलं, त्यांना बाहेर उभं करायचं का. नाही. ते आत बसतील, लोकांच्या मधेच, आणि कुणी कुठून गातोय ते शेवटपर्यंत कुणाला कळणार नाही. आई येणार आहे. तिला दारापाशी जागा धरा.