थेंबाची वाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला कुंडी भंडारा फळ्यावर शिकविला. खडूने पाण्याचा एक थेंब काढावयाचा, ओल्या फडक्याने पुसावयाचा आणि बोटभर पुढे पुन्हा काढावयाचा. सातपुड्यात मुरून तापीच्या दिशेने निघालेला तो थेंब 1615 साली खोदलेल्या भुयारात अडे आणि कुंडीमागून कुंडी ओलांडीत, कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उतारावर बऱ्हाणपुरात येई. तास संपे तेव्हा थेंब गावात पोहोचलेला असे.

पुढे 2006 साली मी संगणकावर नव्वद सेकंदांचा अ‍ॅनिमेशन लघुपट करावयास घेतला, तो याच थेंबाचा. सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे एकूण 2160. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली होती. (त्यांची कुंडी झाडाची, माझी पाण्याची!)

संगणक सर्व काही करून देईल, हा माझा भ्रम पहिल्याच आठवड्यात फिटला. माझा थेंब रबरी चेंडूसारखा टणकन पडे. मग मी घरच्या नळाखाली तासन्‌तास बसलो. थेंब आधी फुगतो, त्याची मान बारीक होते, आणि मगच तो सुटतो. हे मी चाळीस वर्षे पाहत होतो, पण पाहिले नव्हते.

खरी अडचण भुयाराची. त्याचा उतार इतका अल्प की, मापाने काढला तर पडद्यावरचे पाणी थिजल्यासारखे दिसे. वाढविला तर पावसाळी नाला होई. दोन महिने याच घोळात गेले. अखेर उतार होता तसाच ठेवला आणि कुंडीच्या तोंडातून एक वाळके पान खाली सोडले. पान चालू लागले आणि पाणी वाहू लागले.

तोपर्यंत पेन्सिलीच्या रेखाटनांची कच्ची प्रत तयार होती. गुरुजी भेटले की विचारीत, “काय रे, थेंब कुठवर आला?” मी म्हणे, “थोडी चकाकी बाकी आहे, गुरुजी.” त्या चकाकीपायी एक चित्र पूर्ण करण्यास संगणकास दहा मिनिटे लागत, सगळ्यांस मिळून तीनशे साठ तास, म्हणजे पंधरा अहोरात्र, तेही वीज टिकली तर. ती टिकत नसे. टिकली, तर मलाच प्रकाश मनासारखा वाटत नसे आणि पुन्हा पहिल्या चित्रापासून आरंभ होई. चौथी फेरी चालू असताना गुरुजी गेल्याचा निरोप आला. कच्ची प्रत त्या वेळी माझ्या पिशवीत होती. पाच महिन्यांपासून होती.

चकाकणारी प्रत पुढे पूर्ण झाली, दोनचार ठिकाणी तिचे कौतुकही झाले. आज येथे मात्र मी पेन्सिलीचीच प्रत आणली आहे. कृपया दिवे मालवावेत.