प्लास्टर निघाल्यानंतरचं वर्ष
(पिंपळे सौदागर येथील अस्थिरोगतज्ज्ञांच्या परिषदेतलं अध्यक्षीय भाषण)



मुलांच्या हाताच्या ग्रोथ प्लेट फ्रॅक्चरचा सर्वंकष आढावा घ्या, असं संयोजकांनी कळवलं होतं. तो उरकतो. टोरांटोच्या साल्टर आणि हॅरिस यांनी 1963 साली पाच प्रकार सांगितले. त्यातला दुसरा आपल्याकडे सर्वांत जास्त येतो. दंडाच्या हाडाची सुमारे 80 टक्के वाढ खांद्याकडे होते, रेडियसची 75 ते 80 टक्के मनगटाकडे. म्हणून लहान वयात तिथलं वाकडं जुळलेलं हाडही सरळ होत जातं. कोपराला ती सवलत नाही. झाला आढावा.

आता माझं जुनं दुखणं. कोपराच्या तारा कातडीखाली पुरायच्या की बाहेर ठेवायच्या, यावर सकाळी इथे आवाज चढले. चढू द्यात. पण वर्षभरानंतरचा एक्सरे एकाही वक्त्याने पडद्यावर दाखवला नाही. प्लास्टर कापलं, ‘जुळलंय, आता खेळ’ म्हटलं, फाइल बंद! अहो, पोराचं हाड जुळतंच. ते पुढे वाढतंय का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कळायला निदान सहा महिने, कधी वर्षही जातं.

तोवर आपल्या पट्ट्यातलं मूल जाग्यावर असतं का? बाप चाकणला कंत्राटावर. कंत्राट संपलं की बिऱ्हाड रांजणगावला, नाहीतर थेट गावी. मोबाइलचा नंबर बदललेला. इथल्या सोसायट्यांमधले आईबाप जाग्यावर असतात, पण स्केटिंगचा क्लास कधीपासून, एवढंच विचारतात. पुढची तारीख दिली की ‘अजून कशाला, डॉक्टर?’

रहाटणीत भाड्याच्या खोलीत राहणारा एक मुलगा. बाराव्या वर्षी सायकलवरून पडला, मनगटाचा टाइप टू. एका दवाखान्यात हाड बसवलं. ते जरा सरकलं, बापाने हट्ट धरला, म्हणून दहाव्या दिवशी पुन्हा ओढून बसवलं. माझ्याकडे आला तेव्हा मिसरूड फुटलं होतं. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले. उजव्या मनगटाला करंगळीच्या बाजूने हाड गोटीसारखं वर आलेलं, पंजा अंगठ्याकडे झुकलेला. रेडियस थांबला होता, अल्ना वाढत राहिली होती. आठवडा उलटल्यावर पुन्हा बसवावं का, यावर तुम्ही खुशाल पेपर वाचा. माझ्यापुरता तो वाद त्या टेबलावर मिटला.

मधला एक साधा एक्सरे पुरला असता. ग्रोथ प्लेटच्या मागे बारीक पांढरी रेघ दिसते, पार्क-हॅरिस रेघ. (हा हॅरिस वेगळा, परीक्षार्थींनी गल्लत करू नये.) प्लेटला समांतर राहून रेघ दूर जात असेल तर वाढ चालू आहे. एका बाजूला प्लेटलाच चिकटून तिरकी झाली, तर तिथे हाडाचा पूल तयार झालाय. तेव्हाच दिसलं असतं तर तो पूल काढायचा विचार करता आला असता, निदान अल्नाची वाढ वेळेत थांबवता आली असती. पुढे त्या मुलाचं हाड कापून लांबी वाढवावी लागली. महिनोन्‌महिने हाताला चौकट, शाळा बुडाली.

करायचं काय? सगळ्या दवाखान्यांची एक सामाईक नोंदवही हवी. शाळांनाही कुठेतरी जोडून घेता येईल. तपशील कार्यकारिणी ठरवेल, म्हणजे कधी ठरेल ते तुम्ही जाणताच. तोवर डिस्चार्ज कार्डावर मराठीत आणि हिंदीत ‘वाढीच्या जागी दुखापत, सहा महिन्यांनी आणि वर्षाने, कुठेही असाल तिथे, दोन्ही हातांचा एक्सरे’ एवढं छापा. शिक्के मी माझ्या खर्चाने करून देतो. आणि पुढच्या परिषदेत कोणी वर्षानंतरचा एक्सरे न दाखवता खाली बसला, तर मी अध्यक्ष नसेन, पण पहिल्या रांगेत बसून विचारणार आहे.