कलावंताला वर्गात येऊ द्या

(जळकोट येथे महाविद्यालयीन प्राध्यापक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



लातूर जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात कशासाठी घेतले जाते, हे आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. ‘लातूर पॅटर्न’ने या भागातील शेतकऱ्यांची, शिक्षकांची मुले डॉक्टर आणि अभियंते झाली. त्यामागच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु लातूरच्या शिकवणीवर्गापर्यंत न पोहोचलेला, किंबहुना पोहोचू न शकलेला फार मोठा विद्यार्थीवर्ग जळकोट, उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार या पट्ट्यातील कला महाविद्यालयांत बसलेला आहे. त्याच्या पदवीच्या नावातच ‘कला’ हा शब्द आहे. मात्र तीन-चार वर्षांच्या शिक्षणात एखादा कलावंत त्याच्या वर्गाचा उंबरठा ओलांडून आत आला, असे क्वचितच घडते. मीही कला शाखेचाच पदवीधर असल्यामुळे हा विषय मला जवळचा वाटतो, आणि आज याच एका मुद्द्यावर आपल्यापुढे बोलावे असे ठरवले आहे.

अर्धे भारूड पुस्तकात, अर्धे अंगणात

एक उदाहरण घेऊ. संत एकनाथांची भारुडे मराठीच्या अभ्यासक्रमात असतात. नाथांचा काळ सोळाव्या शतकातला. तीनशेच्या आसपास भारुडे त्यांच्या नावावर आहेत. वर्गात आपण काय शिकवतो? रूपक कोणते, अध्यात्म कोणते, भाषेची वैशिष्ट्ये कोणती. विद्यार्थी ‘टीपा लिहा’ या प्रश्नात दहा ओळी लिहितो आणि उत्तीर्ण होतो. हे ज्ञान खोटे नाही. पण ते अर्धे आहे. भारूड ही कागदावर वाचायची रचना नव्हेच. ते सोंग आहे, संवाद आहे, टाळ-मृदंगाची साथ आहे. भारूडकार मध्येच संहिता सोडून समोरच्या माणसांशी बोलतो. दारूवर, हुंड्यावर, भाऊबंदकीवर बोलतो आणि तेथून अलगद पुन्हा मूळ पदावर येतो. चारशे वर्षांपूर्वीची रचना आजच्या माणसाला झोंबते, ती या उसंतीच्या जागेमुळे. ही जागा छापील पानावर दिसत नाही. ती दाखवण्यासाठी भारूडकारच समोर असावा लागतो.

निरंजन भाकरे यांनी ‘बुरगुंडा’ घराघरांत पोहोचवला. हा मराठवाड्याचा भारूडकार २०२१ मध्ये आपल्यातून गेला. त्याच वर्षी पंडित नाथराव नेरळकर गेले. नेरळकर मूळचे नांदेडचे, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. पुढे त्यांनी आजच्या छत्रपती संभाजीनगरात महाविद्यालयात संगीत शिकवले आणि शिष्यांची पिढी घडवली. गायक आणि अध्यापक या दोन्ही भूमिका एका माणसात एकत्र आल्या की काय घडते, हे मराठवाड्याने त्यांच्या रूपाने पाहिले. एका वर्षात अशी दोन माणसे गेल्यावर प्रश्न पडतो, की आपल्या तालुक्यात आज हयात असलेल्या कलावंतांपैकी किती जणांना आपल्या विद्यार्थ्यांनी जवळून ऐकले आहे?

सत्कार म्हणजे शिक्षण नव्हे

आपण म्हणाल, आम्ही कलावंतांना बोलावतो. स्नेहसंमेलन होते, युवक महोत्सव होतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या ‘ज्ञानतीर्थ’ युवक महोत्सवात मुले भारूड, पोवाडा, लावणी उत्तम सादर करतात. हे सारे स्तुत्यच आहे. परंतु महोत्सव स्पर्धेसाठी असतो, त्यात निवडक मुले उतरतात. वर्गातली बाकीची साठ मुले टाळ्या वाजवायला असतात.

एका महाविद्यालयातील प्रसंग मी पाहिला आहे. एका वृद्ध गोंधळ्याला सन्मानाने बोलावले होते. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला, म्हणून त्यांना दोन तास बसवून ठेवले. मग शाल, श्रीफळ, छायाचित्र. आणि ‘थोडक्यात सादर करा’ अशी चिठ्ठी. म्हाताऱ्याने संबळ गळ्यात अडकवला, तो रंगात येतो न येतो तोच आभारप्रदर्शन सुरू झाले. त्याला एकाही विद्यार्थ्याने एकही प्रश्न विचारला नाही. विचारायची सोयच नव्हती. अहवालात मात्र ‘लोककला कार्यक्रम संपन्न’ अशी नोंद झाली असणार.

येथे दोष कोणा एका संस्थेचा नाही. आपण सर्वांनीच कलावंताला शोभेची वस्तू मानले आहे. अंगणातली तुळस दिवाणखान्यातल्या फुलदाणीत ठेवावी, तसे आपले झाले आहे.

परंपरेची साक्ष

काही प्राध्यापकमित्र शंका काढतात की कलावंताला कला येते, पण शिकवता येईलच असे नाही. ही शंका नवी नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वावरून वाद होतो. त्या वेळी परिव्राजिका जो निवाडा करते तो फार मार्मिक आहे. कोणाची कला स्वतःपुरती उत्तम असते, कोणाला ती दुसऱ्याकडे पोहोचवण्याचे कौशल्य असते. ज्याच्याजवळ दोन्ही असेल तो शिक्षकांमध्ये अग्रणी. आणि परीक्षा कशी घ्यायची? आचार्यांच्या भाषणावरून नव्हे, तर शिष्याच्या प्रयोगावरून. माझे म्हणणे असे, की दोन्ही गुण एका व्यक्तीत नसतील, तर दोन व्यक्तींनी एका वर्गात एकत्र उभे राहावे. प्रयोग कलावंताने करावा, त्याचे सूत्र प्राध्यापकाने उलगडून दाखवावे.

गुरुदेव रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात हेच केले. मणिपूरचे नृत्यगुरू तेथे आले, नंदलाल बोस यांच्यासारखे चित्रकार कलाभवनात राहून शिकवू लागले. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तेथे शास्त्रीय गायन शिकवायला भीमराव शास्त्री हे महाराष्ट्रीय पंडित होते. पुणे विद्यापीठाने १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू केले आणि विद्यापीठाच्या चौकटीत गुरुकुल पद्धतीला स्थान दिले. पंडिता रोहिणी भाटे यांच्यासारख्या कलावती तेथे अध्यापनासाठी येत. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलावंत स्वतः विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

ही सारी उदाहरणे मोठ्या शहरांची आणि कलेच्याच विद्यार्थ्यांची, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. म्हणूनच खरा प्रश्न साध्या बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी.च्या वर्गाचा आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवणारे नरहर कुरुंदकर भरताच्या नाट्यशास्त्रापासून शिवचरित्रापर्यंत साऱ्या विषयांत सारख्याच अधिकाराने संचार करीत. प्राध्यापकाची जिज्ञासा विषयाच्या कुंपणात अडकली नाही, तर जिल्ह्याच्या गावीही केवढे काम उभे राहते, हे याच भूमीने पाहिले आहे.

डॉक्टर होणाऱ्या मुलांसाठीही

पालकांच्या मनातला प्रश्न मला दिसतो आहे. ‘हे सगळे ठीक, पण आमच्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे.’ त्यांना अमेरिकेतील येल विद्यापीठाची हकीकत सांगतो. तेथील त्वचारोगाचे प्राध्यापक इर्विन ब्रेव्हरमन यांना वाटले, की विद्यार्थ्यांचे वाचन भरपूर असले तरी समोरच्या रुग्णाकडे नीट पाहण्याची सवय त्यांना नाही. त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रसंग्रहालयात नेले, एकेका चित्रापुढे उभे केले आणि काय दिसते ते तपशीलवार सांगायला लावले. या विद्यार्थ्यांचे रुग्णनिरीक्षण इतरांपेक्षा सुधारले, असा निष्कर्ष २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

विज्ञानाचे म्हणाल, तर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मृदंग-तबल्याच्या ध्वनीवर लेखन केले. साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात. मृदंगाच्या आणि तबल्याच्या पुडीवर मधोमध दिलेल्या शाईमुळे ते सुसंवादी होतात, हे त्यांनी दाखवले. गावातला पखवाजी एक तास पदार्थविज्ञानाच्या वर्गात आला, त्याने शाईवर आणि कडेला थाप मारून फरक ऐकवला, तर ध्वनीचे प्रकरण मुले जन्मभर विसरणार नाहीत.

नियम आता आड येत नाहीत

पूर्वी ‘पदवी नाही, मानधन कोणत्या शीर्षाखाली द्यायचे?’ या प्रश्नावर सारे अडत असे. आता ती सबब उरलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने स्थानिक कलावंतांना शिक्षणसंस्थांशी निवासी कलावंत म्हणून जोडण्याचा स्पष्ट आग्रह धरला. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना आणली, तिच्यात ललित कलांचा समावेश आहे, किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि औपचारिक पदवी अनिवार्य नाही. २०२३ मध्ये आयोगाने निवासी कलावंत व कारागिरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मांडताना गुरू, परमगुरू आणि परमेष्ठी गुरू असे तीन स्तर सुचवले. महाराष्ट्राच्या नव्या पदवी आराखड्यात सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत सादरीकरणाच्या व दृश्यकलांना जागा आहे. म्हणजे दार उघडले आहे. आत कोणाला आणि कसे आणायचे, हे आपल्याला ठरवायचे आहे.

जळकोटच्या परिघात

कसे आणायचे? माझी सूचना तीन तासिकांची आहे. पहिल्या तासिकेत प्राध्यापकांनी विषय शिकवावा आणि विद्यार्थ्यांकडून कलावंतासाठी प्रश्न लिहून घ्यावेत. दुसरी तासिका कलावंताची. ती सभागृहात नव्हे, वर्गात. ध्वनिक्षेपक नको, हार नको, बाके बाजूला सारून गोलाकार बसावे. तिसऱ्या तासिकेत विद्यार्थ्यांनी पाहिलेले लिहावे, थोडे स्वतः करून पाहावे. कलावंताला अन्य व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे आणि ते त्याच दिवशी द्यावे. त्या दिवशी त्याची रोजी बुडालेली असते.

आणि कोणाला आणायचे? आपल्या अवतीभोवती पाहा. गोंधळी चौक मांडून तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडेराय यांना आवाहन करतो, तेव्हा तो महाराष्ट्राचा सांस्कृतिक नकाशाच उलगडत असतो. तो इतिहासाच्या वर्गात यावा. तांड्यावरची बंजारा आजी कशिद्याची कांचळी घेऊन वाणिज्याच्या वर्गात यावी. एका कांचळीला किती दिवस लागतात आणि बाजार तिला काय देतो, याचा हिशेब मुलांनी मांडावा. मन्मथस्वामींच्या अभंगांवर उभे राहणारे शिवकीर्तनकार मराठीच्या वर्गात यावेत. किनवट-माहूरकडची दंडार नाट्याच्या अभ्यासकांनी पाहावी. शिवाय वर्ग बाहेरही नेता येतो. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर ही शिल्पकलेची खुली दालने आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी, गोंधळी, तमाशा कलावंत दरवर्षी मार्गशीर्षात एकत्र येतात. एवढे मोठे लोककलेचे विद्यापीठ दुसरे कोणते असेल?

पणाला काय लागले आहे

शेवटी एकच गोष्ट सांगतो. हे सारे केवळ कलेच्या जतनासाठी आहे, असे समजू नका. आपल्या वर्गात गोंधळ्याचा, वासुदेवाचा, पोतराजाचा, भारूडकाराचा मुलगा बसलेला असतो. पहाटे दारोदार फिरून त्याच्या बापाने त्याला शिकवलेले असते. तो परीक्षेत ‘महाराष्ट्रातील लोककला’ या प्रश्नाचे उत्तर गाइडमधून पाठ करून लिहितो. परंतु ही कला माझ्या घरची आहे, असे वर्गात उभे राहून सांगण्याचे धैर्य त्याला होत नाही. ज्या शिक्षणामुळे मुलाला आपल्या बापाच्या विद्येची लाज वाटते, त्या शिक्षणात मोठी उणीव आहे. समरसता हा शब्द आपण व्यासपीठावरून पुष्कळदा उच्चारतो. त्या बापाला ‘सर’ म्हणून वर्गात बोलावणे, प्राध्यापकांनी स्वतः उठून त्याला आपली खुर्ची देणे आणि त्याच्या मुलाने ते पाहणे, ही समरसतेची अतिशय साधी आणि खरी कृती आहे. तिच्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

प्राध्यापक महोदयांना माझी विनंती आहे, की या सत्रात आपापल्या विषयाचा एकच पाठ निवडावा आणि त्यासाठी एकच कलावंत शोधावा. पालकांना विनंती आहे, की मुलगा घरी आल्यावर गुण किती मिळाले हे अवश्य विचारा. पण आज वर्गात कोण आले होते, हेही विचारत जा.