विषाणूची वंशावळ



धाराशिव जिल्ह्यांत लोहारा हें तालुक्याचें गांव आहे. जवळच उमरग्यावरून सोलापूर–हैदराबादचा हमरस्ता जातो. पोटासाठीं या भागांतील माणसें सोलापूर, पुणें, मुंबई गांठतात आणि सणावारीं घरीं परततात. अशा ठिकाणीं एखाद्या कुटुंबांत एच. आय. व्ही.ची बाधा उघडकीस आली, कीं औषधाची विचारपूस मागें राहते. 'हें आणलें कोणीं?' हाच प्रश्न आधीं निघतो. विषाणूची वंशावळ लावणारें शास्त्र या प्रश्नास काय उत्तर देतें, तें आज आपण पाहूं.

या विषाणूच्या जनुकांचा सगळा मजकूर सुमारें ९,७०० अक्षरांचा. मनुष्याच्या पेशींत शिरून तो स्वतःच्या नकला करवितो. परंतु त्याचा लेखनिक मोठा बेफिकीर. लिहिलेलें पुन्हा ताडून पाहण्याची त्यास सवयच नाहीं. उपचार न मिळालेल्या रोग्याच्या शरीरांत दररोज अब्जावधि नवे विषाणु निपजतात आणि त्यांत अक्षरांच्या चुका होत राहतात. शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हें आपणांस ठाऊक आहेच. एकच चूक दोन पोथ्यांत आढळली, म्हणजे त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्या, असा तर्क करतां येतो. विषाणूंच्या शाखा याच न्यायानें ठरतात.

त्या शाखांस 'ए', 'बी', 'सी' अशीं नांवें आहेत. पश्चिम युरोपांत व अमेरिकेंत 'बी' शाखा विशेष आढळते. दक्षिण आफ्रिकेंत आणि भारतांत 'सी'चें प्राबल्य आहे. जगांतील बाधितांपैकीं जवळजवळ निम्मे याच शाखेचे. मणिपुरांत मात्र 'बी' शाखा आणि 'बी' व 'सी' यांचें मिश्रणही सांपडलें. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांसह १९९९ मध्यें पुण्यांतील सहा नव्या बाधितांच्या विषाणूंचा जवळजवळ संपूर्ण मजकूर प्रसिद्ध केला. पांच विषाणु निखळ 'सी' शाखेचे निघाले. सहाव्यांत 'ए' आणि 'सी' यांचे तुकडे जोडलेले होते. कोठेंतरी, कोणाच्या तरी शरीरांत दोन शाखा एकत्र आल्यावांचून असें मिश्रण होत नाहीं.

तेव्हां ही वंशावळ रस्त्यांची आणि दळणवळणाची हकीकत सांगते. एका माणसाचा गुन्हा मात्र ती सिद्ध करीत नाहीं. पतिपत्नींचे विषाणु अगदीं सारखे निघाले, तरी बाधा प्रथम कोणास झाली, हें केवळ त्या साम्यावरून ठरत नाहीं. गरोदरपणीं तपासणी होते, म्हणून पुष्कळदां स्त्रीची बाधा आधीं कळते, आणि दोषही तिच्याच माथीं बसतो. परंतु जी आधीं कळली ती आधीं झाली, असें मुळींच नाहीं.

मग या पाठभेदांचा उपयोग काय? औषधासाठीं त्यांचें महत्त्व फार आहे. आजचे मुख्य उपचार 'ए', 'बी', 'सी' या सर्वच शाखांवर चालतात. खरें भय आहे तें गोळ्या मधूनच सोडण्याचें. शरीरांत औषध अपुरें पडलें, कीं एखाद्या चुकीच्या नकलेस त्या औषधाला न जुमानण्याचें बळ मिळतें आणि तीच नक्कल पुढें वाढते. यासाठींच अनेक औषधें एकत्र व नित्यनेमानें द्यावीं लागतात. भारतांत २००४ पासून सरकारी केंद्रांत हीं औषधें मोफत मिळतात. नियमित उपचारानें रक्तांतील विषाणूंचें प्रमाण तपासणींत न सांपडण्याइतकें घटलें आणि तसेंच टिकलें, तर शरीरसंबंधांतून दुसऱ्यास बाधा होत नाहीं. २०१७ च्या कायद्यानें बाधितांस नोकरींत, शाळेंत, दवाखान्यांत वेगळें वागविण्यास मनाई केली आहे.

म्हणून 'हें आणलें कोणीं?' असें विचारण्यापूर्वीं 'आजची गोळी घेतली काय?' एवढेंच घरांतील वडीलधाऱ्यांनीं विचारावें. पहिल्या प्रश्नानें घर मोडतें. दुसऱ्यानें माणूस वांचतो.