‘डॉक्टर’ : एका शब्दाचें दुसरें रूप



घरांत कोणी आजारी पडलें कीं ज्यांची वाट पाहत आपण दाराकडे डोळे लावून बसतों, त्या डॉक्टरांविषयीं मी आज बोलणार नाहीं. त्यांच्याच नांवाचें इंग्रजींत एक क्रियापद आहे, त्याच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. अमक्यानें हिशेब ‘डॉक्टर’ केला असें इंग्रज म्हणतो, तेव्हां त्या हिशेबाला औषध मिळालेलें नसतें; त्यांत लबाडीनें फेरफार झालेला असतो.

शिकविणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला. डॉक्टर म्हणजे मुळांत शिकविणारा, विद्वान. पुढें तें नांव वैद्यास रूढ झालें. क्रियापदाचे अर्थ मात्र नाना तऱ्हेचे आहेत. रोग्यावर उपचार करणें, मोडक्या वस्तूची डागडुजी करणें, मद्यांत किंवा अन्नांत गुपचूप कांहीं मिसळणें, आणि कागदांत खोटा बदल करणें, हे सारे त्याच्या पोटांत येतात.

विद्वत्तेच्या शब्दानें असें वळण घ्यावें याचें नवल वाटावयास नको. अरबींत हकीम म्हणजे शहाणा, आणि वैद्यही. त्याच धातूंतील हिकमत म्हणजे शहाणपण. तीच हिकमत मराठींत आली आणि युक्ति झाली. एखाद्यास आपण ‘मोठा हिकमती’ म्हणतों, तेव्हां कौतुकाबरोबर थोडी सावधगिरीही आपल्या स्वरांत असते.

आतां या शब्दाचा नेमका उपयोग पाहूं. संपूर्ण दस्तऐवजच खोटा रचला, तर इंग्रजींत त्यास ‘फोर्ज’ करणें म्हणतात. डॉक्टर केलेला कागद मुळांत खरा असतो. कागद खरा, सही खरी, शिक्का खरा. खोटें काय तें एखादें अक्षर किंवा एखादा आंकडा. भोंवतालच्या खरेपणावर विसंबूनच तें खोटें खपतें.

पुणेकरांस याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. त्यांचें वय तेव्हां अवघें अठरा वर्षांचें होतें. रघुनाथरावांच्या आज्ञापत्रांत ‘धरावें’ असें होतें, आनंदीबाईंनीं त्याचें ‘मारावें’ केलें, अशी कथा आहे. तीवरून ‘ध’चा ‘मा’ करणें हा आपला वाक्प्रचार निघाला. इंग्रजी क्रियापदाला याहून चोख मराठी प्रतिशब्द मला तरी ठाऊक नाहीं.

परंतु येथेंच थोडें थांबलें पाहिजे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून दोष दिला तो रघुनाथरावांस. तें अक्षर आनंदीबाईंनींच बदललें, हें आजवर निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं. कथा मात्र नाटकांतून आणि तोंडातोंडीं पक्की होत गेली. कागदांत लबाडी करणाऱ्याचा निषेध करतांना आपणच पुराव्यांत पदरचें एक अक्षर घालीत असूं, तर त्या कृत्यास कोणतें नांव द्यावें? आरोप एका स्त्रीच्या नांवाला अडीचशे वर्षें चिकटलेला आहे. म्हणून हा प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं.

मग दुरुस्ती कोणती आणि लबाडी कोणती? प्रामाणिक कारकून चुकलेला आंकडा वाचतां येईल अशा बेतानें खोडतो, शेजारीं बरोबर आंकडा लिहितो आणि आपली सही करतो. बदल त्यानेंही केला, परंतु पुढच्या वाचणाऱ्यापासून लपविला नाहीं. आज संगणकावर छायाचित्र किंवा आवाज बदलणें क्षणाचें काम झालें आहे. तेथेंही कसोटी हीच. जो फेर उघड सांगतां येतो ती दुरुस्ती. जो लपवावा लागतो तो ‘ध’चा ‘मा’.