एक संगणक, अनेक यंत्रे : प्रयोगशाळेचे अर्थकारण



शिक्षणातील संगणकाचा विचार करताना बहुधा यंत्रांची संख्या मोजली जाते. परंतु त्या यंत्रांची क्षमता प्रत्यक्षात किती वापरली जाते, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. खरेदी केलेले, पण बराच काळ निष्क्रिय राहणारे यंत्र म्हणजे अडकून पडलेले भांडवल होय. ‘व्हर्च्युअल मशीन’ अर्थात आभासी संगणक हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

ही संकल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात संगणक अतिशय महाग होते. त्या काळी अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधकांनी एकाच मोठ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक भासविणारी प्रणाली विकसित केली. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ जाहीर झाली. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने हे तंत्र वैयक्तिक संगणकावर उपलब्ध करून दिले. २००७ मध्ये ‘केव्हीएम’ ही सुविधा लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली; ती परवाना शुल्काशिवाय वापरता येते.

आभासी संगणकाची कार्यपद्धती सोपी आहे. ‘हायपरवायझर’ हे सॉफ्टवेअर मूळ यंत्राचा प्रोसेसर, स्मृती व साठवण यांची विभागणी करून प्रत्येक आभासी संगणकाला त्याचा वाटा देते. वर्गात त्याचा वापर दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात आभासी संगणक विद्यार्थ्यासमोरील यंत्रावरच चालतो. दुसऱ्या प्रकारात तो मध्यवर्ती सर्व्हरवर चालतो व विद्यार्थी आपले नाव आणि पासवर्ड देऊन नेटवर्कद्वारे तेथे पोहोचतो. या दुसऱ्या प्रकारात समोरचे यंत्र जुने असले तरी चालते.

मात्र क्षमता शून्यातून निर्माण होत नाही. ४० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २ गिगाबाइट स्मृती द्यावयाची, तर ८० गिगाबाइटची तरतूद लागते. सर्व्हरच्या स्वतःच्या गरजा वेगळ्याच. शिवाय सर्व्हर अथवा वीज बंद पडल्यास संपूर्ण वर्ग थांबतो. खर्चाची बचत आणि जोखमीचे केंद्रीकरण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

तरीही सर्वांत मोठा लाभ खर्चाचा नसून शिक्षणाचा आहे. सामाईक यंत्र बिघडेल या भीतीने प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला सहसा नवी प्रणाली बसवू दिली जात नाही. आभासी संगणकात मात्र त्याला ही मोकळीक देता येते. चूक झाल्यास आधी घेतलेल्या ‘स्नॅपशॉट’कडे परतता येते. अर्थात, स्नॅपशॉटनंतर केलेले काम त्याबरोबर पुसले जाते. म्हणून ते स्वतंत्र ठिकाणी जतन करावे आणि तास संपताच यंत्र रीतसर बंद करावे. एकाने अडवून ठेवलेली स्मृती दुसऱ्याला मिळत नाही.

परीक्षेच्या दृष्टीने एक भेद ध्यानात ठेवावा. २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानांतर्गत ‘व्हर्च्युअल लॅब्स’ हा प्रकल्प राबविण्यात आला. त्यात विज्ञान व अभियांत्रिकीचे प्रयोग दूरस्थ पद्धतीने करता येतात. आभासी संगणक हे तंत्र आहे, तर आभासी प्रयोगशाळा ही शैक्षणिक सेवा आहे. दोहोंचा हेतू मात्र समान आहे. महागडी साधने मोजक्या संस्थांपुरती मर्यादित राहिली, तर ज्ञानातील विषमता वाढते. त्यांचा सामाईक वापर झाला, तर साधनसंपन्न नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही चुका करत शिकण्याची संधी मिळते. सार्वजनिक गुंतवणुकीचे खरे मोजमाप खरेदी केलेल्या यंत्रांत नव्हे, तर या संधीत आहे.